वहिनी, फुगे लहान होत गेले

वहिनी, गेल्या शनिवारी पहाटे साडेसहाला विनायकचा फोन आला. तुम्ही जाऊन तेव्हा चार आठवडे झाले होते. अवेळी फोन वाजला की मी अजून आधी गाडीची किल्ली शोधतो. पण तो एवढंच म्हणाला, "मागच्या गार्डनमधली बादली गोठलीय रे. तळापर्यंत."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? अशी बादली गोठली की तुझी वहिनी तुला फोन करायची, म्हणून मी केला. पुढे तुम्ही काय करता ते मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं त्याला. बारा वर्षांत माझा हा मित्र एकदाही आपल्याबरोबर बाहेर आला नाही. कडक फ्रॉस्ट पडून रस्ते गोठले की घसरून मनगट मोडून घेतलेलं आपलं अर्धं मेडनहेड गाव त्याची वाट बघत असायचं. हाडांच्या सर्जनला अशा दिवशी साबणाचे फुगे बघायला वेळ कुठला? माझ्यासारख्या भूल देणाऱ्यालाही नसतो, वहिनी. मी हॉस्पिटलला फोन करून गाडी सुरू होत नाही असं सांगायचो. ही पहिली कबुली. लहान आहे, म्हणून आधी देऊन टाकतो. मोठी पुढे आहे. विनायकला ती मी तोंडी दिली आहे, आणि त्याला विचारूनच हे लिहायला बसलो आहे.

कॅमेऱ्याची बॅग गेल्या हिवाळ्यात ठेवली होती तशीच उचलली आणि तुमच्याकडे आलो. तुमची लेक रुचा तुमचाच जांभळा कोट घालून मागच्या दारात उभी होती. तुम्ही गेल्यापासून ती दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की क्रॉयडनहून ट्रेनने घरी येते. बापाचं जेवण, कपडे, डोकं, सगळं तपासते आणि रविवारी परत जाते.

"काका, मी टीव्हीवर वेदर बघितला. मायनस एट! म्हणून काल आल्या आल्या रिठे भिजवली. माझा पाणी बरोबर झाला का बघा ना."

पाणी बरोबर झालं होतं. तुमच्यासारखंच गाळून, चमचाभर साखर घालून, दाराबाहेर गार करत ठेवलेलं. दोरीवर तिने तुमची संक्रांतीची काळी साडी चिमटे लावून ताणली होती. मागे काळं असलं की फुग्यावरची बर्फाची नक्षी उठून दिसते, हे तिने लहानपणी खिडकीतून बघून ठेवलं असणार. विनायकने ती साडी पाहिली, आत गेला आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन परत आला. मग ड्रेसिंग गाऊनच्या खिशात हात घालून आम्हाला सूचना द्यायला लागला. वारा डावीकडून येतोय. वाटी सरळ नाही. रुचा म्हणाली, "डॅड, दिस इज नॉट युअर थिएटर." सूचना थांबल्या, पण तो आत गेला नाही.

रात्रभर बाहेर पालथी घातलेली ती स्टीलची वाटी, तिच्या बुडावर फुगा ठेवायचा. पहिले दोन फुटले. तिसऱ्याला मी म्हणालो, "हळू. मेणबत्ती विझवायची नाहीये." हे वाक्य तुमचं, माझ्या तोंडून आपोआप आलं. रुचाने डोळे मिटले आणि स्ट्रॉमधून फुंकत राहिली. फुगा वाढला, थरथरला, आणखी वाढला. चांगला नारळाएवढा झाला. तिने तो अलगद वाटीवर टेकवला आणि स्ट्रॉ काढून घेतली. खालच्या कडेला पहिलं पांढरं पीस उमटलं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि बघता बघता पिसं वर चढायला लागली. मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

काहीच दिसेना. म्हणजे फुग्याची नुसती एक कड दिसत होती. मागे सरकलो तर सगळं धूसर. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या त्या पोकळ कड्या तुम्हाला आठवत असतील. तुम्ही त्यांना 'भाऊजींच्या पाटल्या' म्हणायचात. एक चढवली की बारीक वस्तूच्या जवळ जाता येतं, दोन चढवल्या की आणखी जवळ, पण मग लांबचं आणि मोठं काही टिपता येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून दोन्ही तशाच होत्या. मी एक काढली. फुगा अजूनही चौकटीत मावेना. दुसरी काढली. मग मावला, अख्खा, वरपर्यंत गोठलेला, मागून उन्ह आलेला. मी फोटो काढला. आणि काढलेल्या दोन कड्या हातात धरून तसाच उभा राहिलो.

या कड्या मी कधी चढवल्या? आणि कशासाठी?

पंच्याऐंशीच्या जानेवारीत मी तुमच्याकडे इस्त्री परत द्यायला आलो होतो. घरात कोणी नाही असं समजून तुम्ही मागच्या पायरीवर बसून, रेशमी साड्या धुवायला काढलेल्या रिठ्याच्या पाण्याचे फुगे सोडत होतात. मला बघून इतक्या दचकलात की फुगा हातातून सुटून बर्फावर पडला. फुटला नाही. आपण दोघं त्याच्याकडे बघत राहिलो आणि तो आपल्या डोळ्यांदेखत काचेचा झाला. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, गाडीत कॅमेरा असतो ना तुमच्या? मग उभे काय राहिलात?"

तेव्हा मला या देशात येऊन नऊ वर्षं झाली होती. काम, परीक्षा, ड्यूट्या, पुन्हा काम. माझ्या गप्प बसण्यावर तुमचं एक ठरलेलं बोलणं होतं: "ह्यांचे सगळे पेशंट झोपलेले, म्हणून ह्यांची बोलायची सवयच गेली." माझी बायको मीना हे ऐकून इतकी हसायची की पुढे तिनेही ते उचललं. पण खरं होतं ते. मला थंडीत उभं राहून एका गोष्टीकडे अर्धा मिनिट नुसतं बघायला तुम्ही शिकवलंत. त्याआधी मी मॉनिटरखेरीज कशाकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं. बारा वर्षांतल्या मोजून तीस-पस्तीस सकाळी असतील, पण या देशाशी माझं काही नातं जुळलं असेल तर ते त्या सकाळींमध्ये.

आपला रिठ्याचा वाद राहूनच गेला. मी म्हणायचो, भांडी घासायचं लिक्विड आणि ग्लिसरीन घ्या, जगभर लोक तेच घेतात. तुम्ही म्हणायचात, लिक्विडचा फुगा गोठला की काचेसारखा तडकतो, रिठ्याचा हळूहळू बसतो, जुन्या माणसाच्या गालासारख्या सुरकुत्या पडतात त्याला, आणि खरा फोटो तोच. मला अख्खे, गोल, निर्दोष फुगे हवे असायचे. एकाच सकाळी, एकाच स्ट्रॉने दोन्ही करून बघायचे असं ठरलं होतं. त्या बेताला कधी हवामानाने साथ दिली नाही, कधी मी दिली नाही. मला हरायची भीती होती बहुतेक. आणि आमच्या कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनात फोटोखाली नाव कुणाचं, यावर तुम्ही एकदाच बोललात: "फुगा माझा, बर्फ देवाचा, नाव मात्र तुमचं." हसत बोललात, म्हणून मीही हसून सोडून दिलं.

शनिवारी दुपारी घरी येऊन मी माझी वही काढली. प्रत्येक फोटोची नोंद ठेवायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तापमान, उजेड, लेन्स, कडी. पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्याऐंशी, असे लागोपाठ तीन कडक हिवाळे मिळाले. कडीच्या रकान्यात सगळीकडे रेघ. मग उबदार वर्षं आली, बादली गोठलीच नाही. एक्याण्णवच्या फेब्रुवारीत पहिल्यांदा लिहिलंय, 'एक कडी'. पुन्हा मोठी गॅप. पंच्याण्णवच्या डिसेंबरात, 'दोन कड्या'. सगळे फोटो टेबलावर ओळीने मांडले तर फुगे एकसारखे दिसतात, चौकट भरून. कारण तुमचा फुगा नारळाचा संत्र्याएवढा आणि संत्र्याचा लिंबाएवढा झाला तसतसा मी जवळ जवळ जात राहिलो. तुमचा श्वास कमी पडत होता, आणि मी लेन्सने तो भरून काढत होतो.

वहिनी, दुसऱ्याचा श्वास मोजणं हे माझं पोट भरायचं काम आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास जरा उथळ झाला तर मला पाठमोरं उभं राहूनही कळतं. तुम्ही माझ्यापासून दोन फुटांवर उभ्या होतात.

आणि मला काहीच कळलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. ती पंच्याण्णवची, नाताळनंतरची सकाळ. लिंबाएवढे चार फुगे काढून आपण स्वयंपाकघरात आलो, तुम्ही चहा टाकला आणि ओट्याला धरून उभ्या राहिलात.

"भाऊजी, एक विचारू? हल्ली फुगा अर्धा होतो आणि श्वास संपतो."

"मायनस नऊ आहे वहिनी. मलासुद्धा खोकला येतोय."

"तुम्ही कुठे फुंकता? तुम्ही नुसते बघता."

मी गाडीतून स्टेथोस्कोप आणला. तुम्ही खुर्चीवर माझ्याकडे पाठ करून बसलात. साडीवर तो जाड विणीचा तपकिरी स्वेटर होता. 'स्वेटर वर करा' हे तीन शब्द मी रोज बायकांना, पुरुषांना, कुणालाही सांगतो. तुम्हाला सांगता आले नाहीत. तुम्ही वहिनी. विनायक कामावर, घरात आपण दोघंच. तुम्हीही पदर आणखी ओढून घेतलात. मी स्वेटरवरूनच ऐकलं. खाली, दोन्ही बाजूंना, कोरडा कागद चुरगळावा तसा आवाज आला. लोकरीवर नळी घासली की असाच आवाज येतो, म्हणून तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतात की नळी नेहमी कातडीवर ठेवा. मी स्वतःला सांगितलं, लोकर आहे.

"काही नाही. स्वच्छ आहे छाती."

"मग ह्यांना सांगू नका. उगाच घाबरतील, आणि माझं सकाळचं बाहेर जाणं बंद करतील."

मी कबूल झालो. तुमच्यासाठी झालो, असं मी वर्षभर समजत होतो. ते खरं नाही. अजून तीन दिवस थंडी राहणार होती आणि मार्चच्या प्रदर्शनासाठी मला दोन फोटो कमी पडत होते. मोठी कबुली ही आहे.

आपल्या दोन्ही घरांत कुणीच कधी जीपीच्या सर्जरीत, त्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, गेलं नाही. घरात दोन डॉक्टर असताना बाहेर कशाला, असं आपण चौघंही म्हणायचो, आणि ते म्हणताना थोडी मिजासही असायची. ताप विनायकने बघायचा, पाठ मी बघायची, औषध कुणाच्या तरी ड्रॉवरमधून निघायचं. तुमच्या खोकल्याचा कागद कुठेच नव्हता, कारण तुम्ही कुणा एकाच्या पेशंट नव्हतात. जूनमध्ये तुम्ही धाप लागून जिन्यातच बसून राहिलात तेव्हा पहिला एक्स-रे निघाला. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. छातीच्या डॉक्टरांनी विनायकला आणि मला बसवून सांगितलं, कारण सापडत नाही, सहा महिने आधी कळलं असतं तरी आजाराचा रस्ता बदलला नसता.

रस्ता नसता बदलला. पण त्या फेब्रुवारीत तुम्ही पुण्याला तुमच्या ताईंकडे जाणार होतात आणि स्वयंपाकघराचं काम निघालं म्हणून दिवाळीवर ढकललंत. तुम्हाला वाटलं, वेळ आहे. मी बोललो असतो तर तुम्हाला कळलं असतं की वेळ नाही. जूननंतर विमानात बसायची परवानगी मिळाली नाही. ताई आणि तुम्ही फोनवर बोलत राहिलात. नंतर नंतर ताई बोलायच्या आणि तुम्ही ऐकायचात. तो फेब्रुवारी मी तुमच्याकडून काढून घेतला, वहिनी. याची माफी मागायला मला तुम्ही हव्या होतात, आणि तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला उशी नीट करून देत होतो.

रविवारी वही घेऊन मी विनायककडे गेलो. रुचा बॅग भरत होती. आपण बसायचो त्याच टेबलावर मी वही उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. कड्या, स्वेटर, प्रदर्शन, ताई. त्याने वही ओढून घेतली. पानं उलटली, परत पहिल्या पानावर आला. मग उठून ड्रॉवर उघडला आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या एकेक करून वहीशेजारी मांडल्या. सात होत्या.

"ह्या मी दिल्या तिला," तो म्हणाला. "दोन वर्षं. तू वर्षातून चार सकाळी यायचास. मी तिच्या शेजारी झोपत होतो रे."

"पण तिने मला विचारलं होतं, विन्या."

"हो. ते मला आवडलं नाही. तिने तुला विचारलं आणि मला नाही, ते." एका बाटलीचं सैल झाकण त्याने घट्ट केलं. "हे बघ, माफ वगैरे मला इतक्यात जमणार नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही. पण तू आलास ते बरं केलंस. पुढच्या रविवारी जेवायला ये. मीनाला घेऊन ये. आमटी मी करणार आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही."

वहिनी, एवढ्या वर्षांच्या मैत्रीत आम्ही दोघं एकमेकांशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, झोपलेला पेशंट जागा झाला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर रुचा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही माझ्याशी बोलणार नाही. ती खाली आली, वही बघितली आणि पहिल्या हिवाळ्याच्या नोंदीवर बोट ठेवलं. "म्हणजे आईचा फुगा माझ्याएवढाच मोठी होती?"

"तुझ्याहून मोठा," मी म्हणालो.

ती थोडी रडली, मग नाक पुसून म्हणाली, "मला हे सगळं शिकायचंय. रिठे पण, लिक्विड पण. दोन्ही. आणि तुम्ही दोघं उद्या माझ्याबरोबर सर्जरीत येताय. मी ऑफिसला फोन करते."

"कुठल्या सर्जरीत?" विनायक म्हणाला. "माझी ऑपरेशनची लिस्ट आहे."

"तुमची गाडी सुरू होत नाही, डॅड. काकांना विचारा कसं सांगायचं ते."

ही माझी छोटी कबुली तिला कशी माहीत, देव जाणे. तुम्हीच सांगितली असणार.

तर सोमवारी सकाळी आम्ही तिघं जीपीच्या वेटिंग रूममध्ये, लहान मुलांच्या खेळण्यांशेजारी बसलो होतो. नाव नोंदवायचा फॉर्म मिळाला. 'आधीचे डॉक्टर' अशी एक ओळ होती. विनायकने तिथे माझं नाव लिहिलं. मी त्याचं. आम्ही ठरवून नाही केलं. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"तुम्ही दोघं एकमेकांचे डॉक्टर? किती वर्षं?"

"वीस," विनायक म्हणाला.

"आणि शेवटचं तपासलं कधी?"

आम्ही दोघंही विचार करायला लागलो. तो विचार लांबला, तशी रुचा हसायला लागली, आणि मग विनायक हसला. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

बाईंनी आमच्या नावांवर सरळ रेघ मारली आणि खाली नव्या डॉक्टरचं नाव लिहिलं. कुणी तरुण बाई आहेत. त्या आम्हाला ओळखत नाहीत. आम्ही कुठल्या कॉलेजचे, कोण कोणाची वहिनी आणि कोण कोणाचा भाऊजी, यातलं त्यांना काही माहीत नाही. त्या हवं ते विचारतील आणि आम्हाला उत्तर द्यावं लागेल. येत्या गुरुवारी दहाला विनायकची वेळ आहे, सव्वादहाला माझी. मीनाची पुढच्या आठवड्यात.

त्याला न्यायला मी साडेनऊला गाडी घेऊन जाणार आहे. काल फोनवर कुरकुरत होता, मला काही झालेलं नाही, उगाच कशाला, तू जाऊन ये. या वेळी मी ऐकणार नाही, वहिनी.